गेणबा पैलवानाची पाठ

माण गावात गेणबा पैलवानाला लोक लांबूनच ओळखतात, चालीवरून. पाय थोडे फाकलेले, टाच आधी रोवायची, मग पंजा. खांदे जागच्या जागी. गुडघे धरायला लागले तरी ती चाल बदलली नाही. सतराव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत तो मुळशी, मावळ, भोरच्या जत्रांमधून कुस्त्या खेळला. फार मोठा पैलवान होता असं नाही. किताब, गदा असलं काही त्याच्या घरात नाही. पण त्याची पाठ कधी मातीला लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली असेल, पंचांनी हात दुसऱ्याचा वर केला असेल, पण गेणबा चीत झालेला कुणी पाहिला नाही.

आता त्याचं वय सत्तावन्न. शेत आयटी पार्कात गेलं आणि उरलेल्या दोन गुंठ्यांवर चार मजले उभे राहिले. सोळा खोल्या, सगळ्या भाड्यानं दिलेल्या. गेणबा आणि त्याची बायको रत्नाबाई तळमजल्यावर मागच्या बाजूला राहतात. शेजारची इमारत हाताच्या अंतरावर आली, त्यामुळं त्यांच्या घरात सकाळी दहालाही ट्यूबलाइट लावावी लागते. लेक लग्न होऊन नाशिकला गेली. पाण्याची मोटर चालू करणं, टँकरवाल्याला फोन करणं, भाडेकरू पोरांच्या गाड्या नीट लावून घेणं, एवढंच काम उरलं. पण सोळा खोल्यांचं पाणी सोडून दोन दिवस कुठं जाता येत नसे. बसून बसून त्याला घामसुद्धा येईनासा झाला होता. रत्नाबाई म्हणायची, "आवं, वाईच फिरून या की." तो म्हणायचा, "कुटं फिरू? समदीकडं गेट हायेत."

तिसऱ्या मजल्यावर शैलेश राहायचा. अंबाजोगाईचा, तिशीतला, शांत पोरगा. जवळच्याच एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. एके दिवशी वरच्या भाडेकरूंचा फ्रिज चढवताना दोन हमाल जिन्याच्या वळणावर अडकून पडले. गेणबानं त्यांना बाजूला केलं, खांदा खाली घातला आणि एकेक पायरी दाबत फ्रिज वर नेला. शैलेश दारात उभा राहून पाहत होता.

"पैलवान," तो म्हणाला, "जरा परत चढून दाखवता?"

"फ्रिज घिऊन?"

"नाही, नुसतं. पण पाठीवर आहे असं समजून."

त्या संध्याकाळी शैलेशनं त्याला सगळं समजावलं. चार सुपरहिरोंच्या टोळीचा एक गेम होता, पहिला भाग खूप चालला होता. एक उडणारा, एक बर्फ फेकणारा, एक सावलीत शिरणारी पोरगी आणि चौथा दगडी अंगाचा, ज्याला ऑफिसात सगळे डोंगऱ्या म्हणत. खेळणाऱ्यानं यांच्यातलं कुणीही व्हायचं, लढत लढत अंगात नव्या ताकदी आणायच्या आणि टोळीला पुढच्या शहरात न्यायचं. आता दुसरा भाग बनत होता. पहिल्या भागाबद्दल लोकांची एकच तक्रार होती: डोंगऱ्या चालतो तेव्हा त्याला वजनच वाटत नाही, आत हवा भरलेली वाटते.

"तुमचं वजन आम्हाला पाहिजे," शैलेश म्हणाला. "तुम्ही चालायचं, आम्ही ती चाल टिपून त्याच्या अंगात घालायची."

गेणबा तयार झाला. बारा पानांच्या इंग्रजी कागदावर त्यानं सही केली. त्यातली एक गोष्ट शैलेशनं नीट सांगितली: गेम बाजारात येईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, घरातसुद्धा नाही. म्हणून रत्नाबाईला त्यानं सांगितलं की शैलेशच्या हापिसात सामानाची राखण करायचीय, दुपारचे चार तास, तेवढं मोटरीकडं बघ.

स्टुडिओ म्हणजे खिडक्या नसलेला एक मोठा हॉल. त्याला काळे, अंगाला चिकटणारे कपडे घातले. त्यावर बोराएवढे चकाकणारे गोळे चिकटवले. लंगोटावर हजारो लोकांपुढं उभा राहिलेला माणूस त्या कपड्यांत लाजून कोपऱ्यात उभा राहिला. चारी बाजूंनी कॅमेरे, प्रत्येकाला लाल दिवा. काम सांगायला निरंजन होता, पुण्याचा, चष्मेवाला, लई गोड बोलणारा.

"काका, फक्त चाला. तुम्ही रोज चालता तसे."

पहिल्या दिवशी त्याचं चालणंच बिघडलं. दुसऱ्या दिवशी पाय सुधारले. आठवड्याभरात त्यानं लाकडी खोकी उचलली, दोर ओढले, दोन पोरांशी झोंबी घेतली. शड्डू ठोकला तेव्हा सगळा हॉल दचकला आणि निरंजननं टाळ्या वाजवल्या. समोरच्या पडद्यावर राखाडी रंगाचा एक धिप्पाड पुतळा त्याच्याबरोबर हलत होता. गेणबानं मान खाजवली की तोही खाजवायचा. बऱ्याच वर्षांनी गेणबाला घाम आला होता. घरी आल्यावर तो दोन भाकरी जास्त खाऊ लागला. रत्नाबाई म्हणाली, "राखण करून एवढी भूक लागतीया व्हय?"

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी निरंजन म्हणाला, "काका, आज एकच सीन. तुम्ही या गादीवर पाठ टेकून झोपायचं. वरून मोठी शिळा पडलीय, तुम्ही तिच्याखाली अडकलाय."

गेणबा जागचा हलला नाही.

"त्ये न्हाई जमायचं."

"काही अवघड नाही. शिळेच्या जागी फळी आहे, तिला फोम लावलाय, लागणार नाही."

"लागायचा सवाल न्हाई. मी पाठीवर पडत न्हाई. मुठ्याच्या हैबतरावानं पाऊण तास घाम गाळला, पर माझी पाठ मातीला लावली न्हाई. हितं तुमच्या गादीवर लावू?"

कुणीतरी हसलं. निरंजन हसला नाही. "काका, गोष्टच तशी आहे. दुसऱ्या भागाची सुरुवातच तिथून होते. शत्रू डोंगऱ्याला गाडतात आणि बाकीचे तिघं त्याला सोडवायला निघतात. तो अडकलाच नाही तर खेळायचं काय?"

"मग दुसऱ्याला झोपवा."

शैलेशनं त्याला बाहेरच्या बोळात नेलं. तिथं एक खिडकी होती. खाली गाड्या लावायची जागा, पांढऱ्या पट्ट्या मारलेली. त्या पट्ट्यांच्या जागी एके काळी त्याचं इंद्रायणीचं भात होतं.

"मामा," शैलेश म्हणाला. एरवी तो पैलवान म्हणायचा. "तुमचं नाव मी पुढं केलंय. आज काम अडलं तर मला जाब द्यावा लागेल. आणि कागदावर हेही लिहिलंय, सांगतील तसं करायचं म्हणून."

"त्ये वाचून दावलं न्हाईस तू."

"बारा पानं होती, मामा."

गेणबा आत गेला. गादीच्या कडेला बसला, मग एक कोपर टेकवलं, मग दुसरं, आणि शेवटी पाठ. वर छत काळं होतं आणि सगळे लाल दिवे त्याच्याकडं रोखलेले. दोन पोरांनी छातीवर फळी ठेवली आणि दोन्ही बाजूंनी दाबली.

"सुटायची धडपड करा," निरंजन ओरडला.

गेणबानं एकच हिसका दिला. फळी एकीकडं, एक पोरगा दुसरीकडं आणि गेणबा गुडघ्यावर उभा.

"काका, सुटायचं नाही! धडपड करायची, पण सुटायचं नाही!"

असं त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तो पुन्हा झोपला. अंगातला जोर उठू पाहायचा आणि त्याला तो जोर गिळावा लागायचा. मान इकडून तिकडं, टाचा गादीत, श्वास फळीखाली दाबलेला. एकोणीस वेळा केलं. विसाव्या वेळी निरंजन म्हणाला, "अप्रतिम! डोळ्यांत बघा त्यांच्या, खरंच अडकल्यासारखे वाटतात."

उठून बसल्यावर गेणबानं विचारलं, "आन् उठतो कदी त्यो?"

"तो सीन पुढच्या आठवड्यात. आम्ही फोन करू."

फोन आला नाही. तो आठवडा उलटल्यावर शैलेशनं राहिलेल्या पैशांचं पाकीट आणून दिलं. गेणबानं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पण त्यानंतर तो पाठीवर झोपेना. कुशीवर झोपायचा, भिंतीकडं तोंड करून. रत्नाबाईला वाटलं, पाठ धरली असेल. तिनं तेल गरम करून आणलं. तो म्हणाला, "पाठीला हात लावू नको."

मधे दीड वर्ष गेलं.

एका रविवारी दुपारी रत्नाबाई तिसऱ्या मजल्यावर शैलेशला थालीपीठ द्यायला गेली. तो मोठ्या टीव्हीवर गेम खेळत होता. रत्नाबाई ताटली हातात घेऊन दारातच थबकली. पडद्यावर धूर निघणाऱ्या एका शहरात एक दगडी राक्षस पाठमोरा चालला होता.

"ह्यो आमच्या मालकांसारखा का चालतुया?" ती म्हणाली.

शैलेशच्या हातातला रिमोट तसाच राहिला. गेम बाजारात येऊन आठ दिवस झाले होते. आता सांगायला हरकत नव्हती. त्यानं सांगितलं. रत्नाबाईनं जिन्याच्या कठड्यावरून वाकून हाक मारली, "आवं! वर या! तुमी टीव्हीत हाये!"

गेणबा वर आला आणि पलंगाच्या कडेला टेकला. शैलेश त्याला दाखवत होता: ही पुलावरची झुंज, हा तुमचा शड्डू. रत्नाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "राखण करत हुता न्हवं? सामानाची?" गेणबाही हसला. खरंच ते त्याचंच अंग होतं. त्या दगडी पावलाखाली रस्ता दबत होता.

मग शैलेशनं बटणं दाबून सुरुवातीचा भाग काढला. शिळा पडली. डोंगऱ्या तिच्याखाली, पाठीवर. मान इकडून तिकडं. टाचा मातीत.

तेवढ्यात शैलेशचा फोन वाजला. तो उठून बाहेर निघाला.

"आरं, त्याला असंच सोडून कुटं चाल्लास?" गेणबा म्हणाला.

"दोनच मिनिटं, मामा. तो काही मरत नाही. कुणी सोडवेपर्यंत तसाच पडून राहतो."

"आधी सोडीव. मग जा."

त्याचा आवाज ऐकून शैलेश परत फिरला. त्यानं फोन बंद केला. उडणारा आला, बर्फवाला आला, सावलीतली पोरगी आली. तिघांनी मिळून शिळा हलवली. डोंगऱ्यानं पाय पोटाशी घेतले, उसळी मारली आणि एका झटक्यात उभा राहिला.

रत्नाबाई म्हणाली, "ह्ये उठणं तुमचं न्हाई."

"न्हाई," गेणबा म्हणाला.

"तुमी आधी हात टेकता. मग गुडगा. असं माकडावानी न्हाई उठत."

शैलेशनं खाली पाहून सांगितलं. त्या आठवड्यात हॉलच्या ठरलेल्या तारखा संपल्या होत्या. मुंबईहून एक कसरती करणारा तरुण आला होता, त्याच्याकडूनच उठण्याचे सगळे प्रकार करून घेतले. "एकाच दिवसात झालं, मामा. तुमच्यासाठी परत हॉल घ्यायला ते तयार नव्हते."

"मंजे मी अजून खालीच हाय की."

रत्नाबाईनं थालीपिठाची ताटली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. परक्या माणसासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेणबा धुतलेला सदरा आणि टोपी घालून एकटाच स्टुडिओत गेला. गेटवरच्या हिंदी बोलणाऱ्या पहारेकऱ्यानं नाव लिहून घेतलं, फोन केला, मग उन्हात अर्धा तास थांबवलं. शेवटी एक मुलगी खाली आली. निरंजन सर नोकरी सोडून हैदराबादला गेले होते.

"माझं एक काम राह्यलंय," गेणबा म्हणाला. "उठायचं. पैसं नको मला. कपडे घालतो, एकदा उठून दावतो, टिपून घ्या."

तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिचा चेहरा मऊ झाला. "काका, गेम लोकांच्या घरी गेलाय आता. आम्हाला त्यात हात नाही घालता येत."

"काईच न्हाई?"

"सॉरी, काका."

तो परत आला. वाटेत गाड्या लावायच्या जागेपाशी जरा थांबला, पण पहारेकऱ्यानं शिट्टी मारली.

दिवाळीनंतर रत्नाबाईच्या भावाचा रिहे गावाहून निरोप आला, भात कापायला आलंय, माणसं मिळत नाहीत, दोघं या. रत्नाबाई म्हणाली, "चला. चार दिवस उन्हात ऱ्हावा. जीव मोकळा हुईल." गेणबाच्या मनात फार होतं. पण त्याच दिवसांत टँकर एक दिवसाआड येत होता, दोन खोल्या नव्यानं भरायच्या होत्या. त्यानं तिला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः मागं राहिला.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शैलेश खाली आला. बराच वेळ उगीच इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मामा, तिसऱ्या भागाचं ठरलंय."

गेणबानं वर पाहिलं. "कदी यायचं?"

"तेच सांगायला आलो. यायची गरज नाही. तुमचं सगळं टिपलेलं आहे आपल्याकडं. चाल, झोंबी, पडणं, तेच वापरणार. कागदात तसं होतं."

"बारा पानांत."

"हो."

गेणबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोक्यावरून हात फिरवला.

"चालू द्या," तो म्हणाला. "पर एक सांग त्यास्नी. ह्या टायमाला त्याला पाडू नका म्हणावं."

"सांगतो, मामा."

शैलेशचं तिथं कुणी ऐकत नाही, हे शैलेशला माहीत होतं आणि गेणबालाही. तरी गेणबानं मान हलवली, जणू शब्द पक्का झाला.

चौथ्या दिवशी रत्नाबाई आली. हात भाताच्या काडीनं चिरलेले, चेहरा उन्हानं रापलेला, अंगाला वाळल्या पेंढ्याचा वास. गेणबा तिच्याकडं पाहतच राहिला.

"काय झालं हितं?" तिनं पायरीवर बसत विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "तू सांग. किती माणसं हुती कापायला?"

तिनं सांगायला सुरुवात केली. तो तिच्या शेजारी बसला आणि सगळं खोदून खोदून विचारत राहिला, कुठल्या खाचरापासून धरलं, कोण पुढं होतं, दुपारी भाकरी कुठल्या झाडाखाली खाल्ली.