मामीच्या हाताचा कप

आमच्या मामाबरोबर बाहेर चहा प्यायला जाणं म्हणजे शोभा करून घेणं. कप समोर आला की तो आधी उलटा करून त्याचं बूड बघणार. एकदा प्रवासात एका हॉटेलात चहा भरलेला आहे हे विसरून त्याने कप उलटा केला आणि मामीच्या नव्या साडीचं वाटोळं केलं. वेटर धावत आला तर मामा त्याला म्हणतो, "बूड घासलेलं नाही. टेबलावर ओरखडे पडतील." मामी साडी पिळत म्हणाली, "टेबलाची काळजी मिटली असेल तर रुमाल द्या."

मामा कप बनवतो. दुसरं काही नाही. ना फुलदाणी, ना कुंडी, ना शोभेचा हत्ती. मी ते कप माझ्या दुकानात विकते. घडवलेल्या रोजच्या वस्तू ठेवते मी: चमचे, दिवे, बसायची स्टुलं. गिऱ्हाईक हौशी असतं. कप हातात घेऊन विचारतं, "हा वापरायचा की नुसता ठेवायचा?" मी गोड हसते, मनातल्या मनात दातओठ खाते.

पण मामाचं खरं काम म्हणजे कपाचा कान. तो दुकानात मांडायचे कप वेगळे करतो आणि ज्याला स्वतःचा कप हवा त्याचा वेगळा. त्या माणसाला कार्यशाळेत बोलावतो, हातात ओल्या मातीचा गोळा देतो आणि म्हणतो, "कप धरल्यासारखं धरा. दाबू नका, धरा." बोटांचा ठसा उठतो. त्याला तो 'मूठ' म्हणतो. मुठीवरून कान घडवायचा. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, म्हणून कान जरा ऐसपैस करायचा. मग भट्टी भरेपर्यंत थांबायचं. घाईला तिथे थारा नाही.

मामीचा कप त्याने लग्नानंतर लगेच केला होता. निळसर, साधा. तिच्याखेरीज कुणाच्या बोटांत तो धड बसत नसे, आणि याचा तिला भारी तोरा होता.

तोच कप एका सकाळी तिच्या हातून सुटला. दोघांनाही वाटलं, ओला हात असेल. मग चमचा सुटला, मग किल्ल्या. डॉक्टर म्हणाले, स्नायूंची ताकद हळूहळू जात राहील. थांबवता येणार नाही. एवढं सांगून त्यांनी हात टेकले. मामाने विचारलं, "हळूहळू म्हणजे किती हळू?"

घरी आल्यावर मामी म्हणाली, "मला अंघोळ घाला, केस विंचरा, काय हवं ते करा. पण चहा मी माझ्या हाताने पिणार. तेवढं माझं राहू द्या." आणि मामाने ते मनावर घेतलं.

त्याने तिची मूठ घेतली. पातळ, हलका कप घडवला, कान रुंद ठेवला. कप भट्टीतून निघेपर्यंत तिचं तिसरं बोट वळेनासं झालं होतं. पुन्हा मूठ, पुन्हा कप. तोवर अंगठा गेला. दोन कानांचा केला, तेव्हा डावा हातही उजव्याच्या वाटेने निघाला होता. प्रत्येक कप सुरेख व्हायचा, आणि प्रत्येक कप तिच्या कालच्या हाताचा असायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवर रांग वाढत गेली. ती रांग बघून माझा जीव तुटायचा, आणि खरं सांगायचं तर मामाचा रागही यायचा. इतकं कळतं तर एवढं कसं कळत नाही या माणसाला?

मी औषधांच्या दुकानातून झाकणाचा, नळीचा प्लास्टिकचा पेला आणला. मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही वस्तू हात बघून केलीय की तोंड? हिला कुणी हातात धरून तरी पाहिलंय का?"

"माझ्यावर कशाला ओरडतोस?" मीही चढ्या आवाजात म्हणाले.

"ओरडू दे गं त्याला," मामी खुर्चीतून म्हणाली. आमच्यासमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, पण माझ्याशी बोलताना त्याचा एकेरी उद्धार करायची. "त्या आजारावर ओरडता येत नाही ना, म्हणून."

मध्येच माझी एक गिऱ्हाईक बाई मामीला भेटायला म्हणून माझ्याबरोबर आली. फळीवरची रांग पाहून ती हरखलीच. "काय एकेक आकार आहेत! हे विकायला का नाही ठेवत?" मला तिला दाराबाहेर काढावंसं वाटलं. मामा शांतपणे म्हणाला, "ते कुणाच्या हाताचे नाहीत आता."

त्यानंतर त्याने मूठ घेणं बंद केलं. मला वाटलं, हरला बिचारा. पण एका दुपारी कार्यशाळेत गेले तर त्याने मामीच्या सगळ्या मुठी क्रमाने ओळीत मांडल्या होत्या आणि एकीवरून दुसरीकडे बोट फिरवत बसला होता. कुठलं बोट आधी सैल पडलं, कुठलं नंतर, तळवा कसा सपाट होत गेला. मग त्याने नवा गोळा घेतला आणि ओळीच्या टोकाला पुढची मूठ स्वतःच घडवली. तिचा हात अजून तसा झालेला नव्हता.

"भट्टीतून कप निघेल तेव्हा होईल," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात असा होऊ नये म्हणून प्रार्थना करायची, की कप बसावा म्हणून, तेच समजत नाही गं."

कप निघाला तेव्हा मी तिथेच होते. इतका पातळ की उजेडाला धरला तर बोटांची सावली दिसावी. मामाने त्यात अर्धाच चहा ओतला आणि मामीचा हात उचलून कानाजवळ नेला. कान म्हणजे खरं तर एक खोलगट पन्हाळ होती. तिची बोटं एकेक करून त्यात उतरली. अंगठा त्याच्या जागी टेकला. कुठे फट नाही, कुठे टोचणं नाही.

"अगंबाई," मामी म्हणाली. "बसला हो! अगदी बसला."

मामाचा चेहरा असा फुलला, की लग्नाच्या फोटोतला तरुण मला क्षणभर तिथे दिसला. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. आम्ही वाट बघत राहिलो.

"उचल ना," मामा हळूच म्हणाला.

मामीच्या कपाळावर घाम आला होता. ती कपाकडे एकटक बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मी उचलतेच आहे."

कपातला चहा हललासुद्धा नव्हता.

मामाने हात पुढे केला नाही. तिने सांगितल्याखेरीज तो करणार नव्हता. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. चहावर साय धरली. मामी बराच वेळ बोटांकडे बघत होती, मग मान वर करून म्हणाली, "द्या मग."

मामाने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कप उचलायला गेला. कान त्याच्या हातात बसेना. असा धरून पाहिला, तसा धरून पाहिला, कप कलायला लागला. तो तिच्या हाताचा होता. शेवटी त्याने दोन्ही तळव्यांत कप धरला आणि तो गार चहा तिच्या ओठांना लावला.