मदरबोर्ड पाटावर बसला

कुठल्याही कंपनीत किस्से सगळ्यांचे घडतात, पण गोळा होतात एकाच्याच नावावर. चहाला चार जण जमले की त्याचाच विषय निघतो. आमच्या चाकणच्या कंपनीत तो माणूस म्हणजे मी. आणि हा मान मला मिळवून दिला घरच्या कॉम्प्युटरने!

जुना कॉम्प्युटर अगदीच रडायला लागला, तेव्हा मी ठरवलं, नवा आपण स्वतः जुळवायचा. बजेटमधला प्रोसेसर घ्यायचा आणि सेटिंग बदलून त्याला बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी मी तीन आठवडे नुसते व्हिडिओ बघितले.

बायको, स्वाती, म्हणाली, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली होतीस का रे?"

*

प्रोसेसर मी पारखून घेतला, वेग वाढवू देणारा. मदरबोर्ड मात्र, म्हणजे ज्या बोर्डावर हे सगळे पार्ट बसतात तो, दिसायला भारी म्हणून उचलला. काळाकुट्ट, वर लाल रेघ. घरी जोडल्यावर कळलं की वेग वाढवायची सोय बोर्डातही असावी लागते. आणि माझ्या बोर्डात ती नव्हतीच!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये हे गायकवाडला सांगितलं. गायकवाड आमच्या मेंटेनन्सचा, मूळचा लातूरचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सर, शर्यतीचा बैल आणलाव, अन् घाण्याला जुपलाव!"

चाकण येईपर्यंत अख्खी बस हसत होती.

*

मग दुसरा मदरबोर्ड आणला. या वेळी सगळं तपासलं. वेग वाढतो का? वाढतो. गरम होणाऱ्या भागावर थंड ठेवणारी पट्टी आहे का? आहे. एकच गोष्ट तपासायची राहिली. बोर्ड कॅबिनेटमध्ये मावतो का?

दोन बोटं मोठा निघाला.

आता मी आहे क्वालिटीला. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे मापाची पट्टी, घेऊन लोकांनी बनवलेले जॉब मोजतो आणि केसभर फरक निघाला तरी रिजेक्ट करतो. माझ्या रिजेक्शनचा सगळ्यात जास्त त्रास टूलरूमच्या तात्यांना. तात्या चिंचवड गावठाणातले, रिटायरमेंटला आलेले. बोर्डाची बातमी त्यांच्या कानावर गेली, तसे ते मुद्दाम आमच्या डिपार्टमेंटला आले. टेबलावरचा माझा व्हर्नियर उचलला, डोळ्यांना लावून बघितला आणि म्हणाले,

"व्हर्नियर तर बरोबर हाय की राव. मग मानूसच रिजेक्ट करावा लागतोय!"

*

नवं कॅबिनेट येईपर्यंत धीर कुठला! मी बोर्ड घरातल्या लाकडी पाटावर ठेवला आणि तिथेच सगळं जोडलं. स्वातीने येता-जाता बघितलं.

"पाटावर बसवलाच आहेस, तर दोन अक्षताही टाक."

कॉम्प्युटर चालू झाला, पण पाच मिनिटांत तापून बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी पंखा बदलला, प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावतात ती पेस्ट बदलली, बाजूला टेबलफॅन लावला. तिसऱ्यांदा प्रोसेसरवरचा कूलर काढून ठेवला, तेव्हा स्वातीने तो सहज उलटा करून बघितला.

"अरे, खाली हे पारदर्शक प्लास्टिक आहे. त्यावर लिहिलंय, 'बसवण्याआधी काढा.' काय काढायचं असतं?"

मी निमूट प्लास्टिक काढलं.

*

शेवटी एकदाचा वेग वाढला! मी स्क्रीनचा फोटो काढून कंपनीतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. गायकवाडने विचारलं, "फरक किती पडला सर?" मी प्रामाणिकपणे मोजलं. कंपनीच्या ड्रॉइंगची फाइल उघडायला चाळीस सेकंद लागायचे, आता अडतीस.

"मग त्या दोन सेकंदांत काय करताव?"

त्या दोन सेकंदांबद्दल मी लोकांना आठवडाभर सांगत होतो.

*

अडतीसचे पस्तीस करावेत म्हणून मी व्होल्टेज वाढवलं. स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, पण चित्र नाही. रविवार होता, तरी गायकवाड पिंपळे गुरववरून बाइकने आला. पाटासमोर मांडी घालून बसला. प्लग काढला, बोर्डावरचा छोटा गोल सेल काढला, चहा पिऊन होईपर्यंत थांबला आणि सेल परत बसवला. कॉम्प्युटर चालू!

"काय केलंस रे?"

"काय नाही सर. तुम्ही त्याला काय काय केलाव, ते सगळं विसरायला लावलं."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कंपनीत आजवर सांगितलेला नाही.

मुलगी झाल्यावर स्वातीची शिकवायची नोकरी सुटली होती. सात वर्षांनी तिला एका शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. कॉम्प्युटर शिकवायची जागा आणि मुलाखत ऑनलाइन, सकाळी अकराला. ती चार दिवस पोळ्या लाटतानाही पुटपुटत तयारी करत होती. मी त्या दिवशी सुट्टी टाकली. तिचा व्हिडिओ अडकायला नको, म्हणून ती आवरायला गेली तेव्हा, तिला न विचारता, वेग जरासा वाढवून ठेवला.

अकरा वाजून सात मिनिटांनी स्क्रीन गोठली. स्वातीचं तोंड अर्धवट उघडं, तसंच!

मी दाराआड उभा. सात वर्षं थांबली होती ती, आणि मी सात मिनिटांत घालवलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मोबाइलवरून परत जोडून घेतलं.

नोकरी तिला मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. मिळाली ती अशी. समोरच्या मुख्याध्यापक मॅडमनी विचारलं, "काय झालं होतं?" आणि स्वाती मुलांना सांगावं तसं सांगू लागली. प्रोसेसर म्हणजे काय, त्याचा वेग कोण ठरवतं, बोर्डाने त्याला वीज कशी पुरवायची असते, आणि झेपेल त्यापेक्षा पळवला की तो मध्येच का थांबतो. समोरच्या पाटाकडे बोट दाखवून, अजिबात न अडखळता.

मॅडम हसल्या. "पण तुमच्या घरात हे असलं करतं कोण?"

स्वातीने दाराकडे बघितलं.

"एक विद्यार्थी आहे माझा, मॅडम. हळूहळू येईल त्याला."