जतच्या जत्रेतलं घोंगडं

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी पाचगणीहून जतच्या जत्रेला गेलो होतो. तिथं एक म्हातारा स्वतः विणलेली घोंगडी विकत होता. गिऱ्हाईक नसलं, की घोंगड्यांवरची कुसळं वेचत बसे. मी एक काळं घोंगडं उचललं.

"कुणाला पायजे?" त्यानं विचारलं.

"घरात भिंतीवर लावीन म्हणतो. शोभेल."

त्यानं ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. "दुष्काळात माजी समदी मेंढरं गेली, सायेब. ही त्यांची शेवटची लोकर हाय. भिंतीला कुटं थंडी वाजती?"

थोड्या वेळानं एका मेंढपाळानं तेच घोंगडं घेतलं. म्हाताऱ्यानं ते त्याच्या खांद्यावर घातलं, काठ सारखा केला आणि तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गेलं परत मेंढरांत."