कळांची बाटली

विजयमाला सिस्टरांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या बाळंतिणींच्या खोलीत फेऱ्या मारत प्यायच्या. त्र्याहत्तर साली नेवाशाच्या त्या छोट्या दवाखान्याला सलाईन मोजून सोडणारा विलायती पंप देणगीत मिळाला, तेव्हा सगळ्यांत खूश त्याच. आता बाटलीपाशी अडकून पडायला नको!

पण त्या दुपारी वीज सारखी जात होती. बाळंतपणाला आलेल्या मनकर्णाचं पहिलं मूल पोटातच गेलेलं. या खेपेला कळा थंडावल्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कळांचं औषध घालून सलाईन लावलं. वीज गेली की पंप बंद, की कळाही बंद.

"पंप लावायचा की नुसती बाटली, तुम्हीच ठरवा सिस्टर. मला ऑपरेशनला जायचंय," म्हणून बाई गेल्या.

सिस्टरांनी बाटली उंच टांगली, नळीवरचं चाक आवळून थेंब सावकाश केले आणि पलीकडच्या खाटेकडे वळल्या.

मनकर्णा किंचाळली. पोट दगडासारखं, कळ सुटेचना. नळीत धार लागलेली!

"चाक कुणी फिरवलं?"

"म्या," सासू आक्काबाई म्हणाली. "जरा मोकळं केलं. लवकर सुटंल पोरगी."

"अहो, हे काय उसाला पाणी सोडायचंय? लेकरू गुदमरंल आत!"

सिस्टरांनी चाक बंद केलं, लाकडी नळी पोटाला लावून कान टेकला. बाळाचे ठोके मंद, फार मंद... हळूहळू कळ ओसरली, पोट सैल झालं, तेव्हा कुठे ठोके सावरले.

तेवढ्यात वीज आली.

"लावा ते मशिन," आक्काबाई रडवेली झाली. "त्याला माझा हात तरी लागायचा न्हाई."

सिस्टर पंपाकडे गेल्या. परतल्या. पुन्हा गेल्या. वीज परत गेली तर? शेवटी त्यांनी स्टूल ओढलं, बाटलीखाली बसल्या आणि चाक अगदी थोडं उघडलं.

"आक्काबाई, सुनेचा हात सरळ धरा. वाकला की थेंब अडतात."

"आन् चाक?"

"त्यावर माझं बोट हाय."

बोट हलेना, पण सिस्टरांचे पाय काही थांबेनात.

"सिस्टर, पाय आवरा की. स्टूल पळंल घिऊन तुमाला!" आक्काबाई म्हणाली.

कळांमधूनही मनकर्णाला हसू फुटलं.

उन्हं कलताना डॉक्टरीणबाई धावत आल्या. मूल त्यांनीच झेललं. मुलगी. रडून खोली दणाणून सोडली तिनं.

आक्काबाईचे डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता. "सिस्टर, आता तरी सोडू का हिचा हात?"

"थांबा. बाळामागची वार पडू दे, तोवर थेंब हवेत."