यंत्राच्या पायघड्या

लेकीच्या घरामागचं रान विरळ करायला यंत्र आलं होतं. फिनलंडमध्ये आता कुऱ्हाड कुणी उचलत नाही म्हणे. मी चहा घेऊन खिडकीशी बसले. यंत्राला माणसाएवढी चाकं, वर काचेची खोली, आत एकटा चालक आणि पुढे लांबच लांब हात. तो हात बुंधा मुठीत धरायचा, मुठीतलीच करवत तो बुंधा कापायची. मग आडवं झालेलं झाड त्याच मुठीतून सरसर ओढलं जायचं; फांद्या सोलून निघायच्या आणि खोडाचे शेवग्याच्या शेंगेसारखे तुकडे पडायचे. चहा निवायच्या आत झाड संपायचं.

फांद्या मात्र यंत्र स्वतःच्याच वाटेत टाकत होतं.

"केवढा पसारा करतोय गं हा!" मी म्हटलं.

"पसारा नाही, आई," लेक म्हणाली. "त्या फांद्यांवरूनच तो पुढे जाणार. नाहीतर एवढ्या वजनानं जमीन दबते, उरलेल्या झाडांची मुळं चेंगरतात."

खरंच, यंत्र त्या हिरव्या थरावर चढलं आणि पुढच्या झाडापाशी थांबलं. एक फांदी वाकडी पडली होती, ती उचलून त्यानं नीट आडवी ठेवली.

झाडाच्या अंगावरचं काढून घातलेल्या पायघड्या! मला राग यायला हवा होता, पण आला नाही. याच लेकीच्या लग्नात, तिला न्यायला आलेल्या विहीणबाईंच्या पायाखाली मी माझ्याच साड्या अंथरल्या होत्या. आणि त्या पाऊल टाकायच्या आत वाकून मी एकेका साडीची सुरकुती काढत होते.