टिकली लावलेली चिप

या बरं इकडे, जवळ बसा. रोज या फोरमवर लांबून विचारता, "काकू, तुमचा अनुभव कधी लिहिणार?" आणि लिहिलं की निम्म्यात पळता. आज शेवटपर्यंत वाचायचं.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. दारातली लिंबू-मिरची उचलून सरळ कचऱ्यात टाकणारी बाई मी... पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि मी एकटी नव्हते.

तेव्हा आम्ही इथे अमेरिकेतच, एडिसनला राहायचो, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडला चालत जाता येईल असं घर. बेसमेंटमध्ये आमच्या ह्यांचा जुना होम कॉम्प्युटर. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, आणि टीव्हीला जोडायचा. कंपनी मधूनमधून आतला बोर्ड बदलायची. नव्या बोर्डांत चिप्स कायमच्या सोल्डर केलेल्या, जुन्यात मात्र नुसत्या खोचलेल्या, म्हणजे उपटून दुसरी बसवता यायची. म्हणून ह्यांनी जुन्या सामानाची फ्ली मार्केटं पालथी घालून मुद्दाम जुना बोर्ड मिळवला. मेमरी वाढवली, कॅसेट जाऊन डिस्क आली... पण खरा जीव एकाच चिपमध्ये. स्क्रीनवर अक्षरं कशी दिसायची ते त्या चिपमध्ये असतं म्हणे. इंग्रजीची काढून ह्यांनी स्वतः मराठी अक्षरांची बनवली. किती वेळा पुसली, किती वेळा पुन्हा भरली!

त्या चिपला वरून इवलीशी काचेची खिडकी असते. तिच्यावर ऊन पडत राहिलं तर आतलं पुसलं जातं, म्हणून वर काहीतरी चिकटवून ठेवावं लागतं. हे माझी टिकली चिकटवायचे! मरून, मखमली. "अगं, पाकीट कुठं ठेवलंस?" म्हणत माझ्या आरशापाशी शोधत बसायचे.

मशीन सुरू केलं की कंपनीचा इंग्रजी मजकूर मराठी अक्षरांत काहीच्या काही उमटायचा. "बघ, बरळायला लागलं," असं म्हणून मग माझं नाव टाइप करायचे. कमल.

"नाव सोपं म्हणून जमलं हो. मृण्मयी असतीस तर अजून दोन वर्षं बेसमेंटमध्ये काढावी लागली असती."

"नाहीतरी वर कधी येता तुम्ही?" मी म्हणायची.

२००५ मध्ये हे गेले. फ्यूनरल होममध्ये मी तुळशीचं पान ठेवलं, आणि सदऱ्याच्या खिशात ती चिप — टिकलीसकट. आमच्या निखिलनेच, मुलाने, ती मशीनमधून काढून माझ्या हातात दिली होती. दुसरी प्रत नव्हती. "आई, आर यू शुअर?" त्याने विचारलं. म्हटलं, "हो. माझी टिकली त्यांच्याबरोबर जाऊ दे."

पुढच्या उन्हाळ्यात घर विकलं. मी निखिलकडे अल्फारेटाला जाणार होते. बेसमेंट रिकामं झालं, एवढं मशीन राहिलं. जुने कॉम्प्युटर जमवणारा वॉल्टर म्हणून एक जण ते न्यायला आला. भला माणूस, न सांगता दारात बूट काढले त्याने. मला मनातून एकच वाटत होतं... हे मशीन जायच्या आधी एकदा, एकदाच ते नाव दिसलं असतं. पण दिसणार कुठून? चिपची तर राख झालेली.

निखिलने त्याला सांगितलं, "स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतील. अक्षरांची चिप नाहीये." वॉल्टर म्हणाला, काही हरकत नाही, इंग्रजीची एक जादा चिप आणलीय, आधी मशीनला करंट येतो का ते बघू. त्याने बटण दाबलं.

टीव्ही उजळला. वॉल्टर वाकून बघतच राहिला.

"व्हॉट लँग्वेज इज दॅट?"

मराठी होतं. तेच बरळणं, अक्षर न अक्षर तेच!

मी खुर्ची ओढून बसले. तीन कळा मला पाठ होत्या. क... म... ल. उमटलं. जसं ह्यांनी घडवलं होतं तसंच, ल जरासा तिरका. मी हळूच म्हटलं, "आता तरी वर या."

"आई, मी चुकीची चिप काढली असणार," निखिल म्हणाला. मशीन बंद केलं, स्क्रू काढले. वॉल्टरने आत टॉर्च मारला, बोट फिरवलं. चिपची जागा रिकामी! तळाशी एक टिकली पडलेली. ती जुनी असेल, कितीतरी गळून पडायच्या, तिचं मला नवल नाही. झाकण उघडं ठेवूनच पुन्हा बटण दाबलं. नुसते चौकोन.

वॉल्टरने स्क्रू परत घट्ट केले. "मॅम, हे मी नेऊ शकत नाही," म्हणाला, आणि त्याची चिप माझ्या हातावर ठेवून गेला.

आता २००८ उजाडलं. मशीन इथे अल्फारेटाला माझ्या खोलीत आहे. सणावारी सुरू करते. चौकोन दिसतात, थोडा वेळ बघत बसते, बंद करते. निखिल म्हणतो, "ती इंग्रजीची बसवू का? निदान काहीतरी वाचता येईल." मी नको म्हणते. ती जागा रिकामी असतानाच तर दिसलं होतं.

त्या दिवशी काय झालं, मला अजून कळलेलं नाही. निखिलला नाही, वॉल्टरलाही नाही. तुमच्यात एवढे इंजिनियर आहेत, या एकदा, उघडून बघा. पण लवकर या हो, मशीन जुनं आणि मीही जुनी. थालीपीठ लावते, चहा टाकते. फक्त येताना चिप आणू नका.