ओळ मध्येच बुडते

नानांची पहिली तक्रार अगदी खरी होती, आणि तिथेच माझा घात झाला.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी हातातलं काम सुटलं नाही. समाजाची वधूवर सूची, कुणाची स्मरणिका, कुणाचा प्रबंध, सगळं त्यांच्याकडे यायचं. पूर्वी कागदावर, आता फाईल होऊन. सकाळी अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून ते टेबलाशी बसले की घराला कळायचं, नाना कामावर गेले. वाचणं सुटलं की माणूस संपला, असं ते बोलून दाखवत. त्यांना देवळात नेलं तरी देवाआधी देणगीदारांची पाटी तपासून व्हायची.

त्यांचा लॅपटॉप म्हातारा. सुरू होईस्तोवर चहा पिऊन कप विसळून व्हायचा. मी जळगावात एका शाळेची संगणक खोली सांभाळते, तिथली यंत्रं लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजीच्या फुकट, हलक्या प्रणालीवर चालतात. म्हटलं, यालाही तेच टाकू. एका रविवारी जळगावातल्या माझ्या मेहरूणच्या घरून निघाले, धुळ्याला पोचले आणि जेवणाच्या आत टाकून दिलं. यंत्र पळायला लागलं. मी कौतुकाची वाट बघत उभी, आणि नाना स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "पोरी, अक्षरांना जळमटं लागलीत."

खरंच लागली होती. स्क्रीन म्हणजे शेवटी बारीक ठिपक्यांच्या रांगा. आपली शिरोरेषा नेमकी दोन रांगांच्या मधे पडली की यंत्र दोन्हीकडे थोडा थोडा रंग सांडतं, आणि काळी रेष राखाडी, फुगलेली दिसते. ती उचलून एका रांगेवर नीट बसवायची, या कामाला हिंटिंग म्हणतात. मी हिंटिंग पुरतं चालू केलं, जाड अंगाचा दुसरा फॉन्ट आणून टाकला, आकार दोन घरं वाढवला. नानांनी लाकडी पट्टी मागितली.

पट्टीचं सांगायला हवं. छापखान्यातली ती सवय. वाचायच्या ओळीखाली पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. म्हणजे डोळा घसरत नाही, ओळ सुटत नाही. कागद जाऊन स्क्रीन आली तरी पट्टी गेली नाही. ते ती सरळ काचेवर टेकवायचे. मी ओरडायची, चरे पडतील म्हणून. ते म्हणायचे, चरे पडू दे, चूक पडायला नको.

त्या दिवशी पानभर वाचून त्यांनी मान हलवली. "आता छापल्यासारखं वाटतं." मी फुगून जळगावला परतले. एरंडोल येईपर्यंत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"तिसरी ओळ मध्येच बुडते."

"बुडते म्हणजे?"

"मधला शब्द खाली बसतो. पट्टीपासून सुटतो."

माझा स्वभाव असा की, कुणी दोष सांगितला की तो जाईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा. त्या दिवसापासून माझा नेम झाला. रोज सकाळी सव्वासातला, शाळेला निघण्याआधी फोन. नाना वहीतून वाचून दाखवायचे: चौथी ओळ, मधला शब्द बुडतो. सातवी ओळ, रेष नागमोडी. मी तारीख घालून मोबाईलमध्ये लिहून घ्यायची, जळगावात बसून त्यांच्या यंत्रात शिरायची, काहीतरी बदलायची आणि विचारायची, "आता?"

"थोडं बरं."

थोडं बरं! या दोन शब्दांनी मला वेड लावलं. हिंटिंग कमी केलं, जास्त केलं, बंद केलं. कडा गुळगुळीत करायचं काढलं, परत घातलं. लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा क्रम उलटा करून पाहिला. शाळेत मुलं समोर बसलेली आणि मी फळ्यावर नानांच्या ओळी काढते आहे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंसुद्धा, बाई, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. ते बिचारे मान डोलवून निघून गेले.

यंत्रातलं चित्र मी इकडे मागवून बघायची, तर ओळ सुतासारखी सरळ. कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी म्हटलं, चित्र सरळ आणि दिसतं वाकडं, म्हणजे दोष त्यांच्या स्क्रीनमध्ये. जळगावहून मोठी स्क्रीन चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन गेले. पारोळ्यापर्यंत पाय बधिर. ती जोडली. नानांनी पट्टी लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हिच्यातही बुडते."

"मला तर सरळ दिसतं, नाना."

"तुला बघायची सवय नाही."

आणि मी हे मुकाट मान्य केलं! का नाही करणार? लहानपणी रस्त्याच्या पलीकडची दुकानाची पाटी वाचून तिच्यातली चूक सांगणारा हा माणूस. छापखान्यात नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच शिकवायचे: डोळ्याला खटकलं की खूण कर, लाजू नको, चूक कागदात असते, डोळ्यात नसते. मीही तेच ऐकत वाढले. सगळ्या जगावर संशय घेईन, पण नानांच्या डोळ्यावर? छे!

बोलता बोलता ते एकदा म्हणाले, "गंमत बघ, मी जिथे बघतो तोच शब्द बुडतो. बाजूचे शहाण्यासारखे उभे." मी तेही लिहून घेतलं आणि आठवडाभर कर्सरच्या मागे लागले. दुसऱ्यांदा म्हणाले, पेपरवाल्यांनीही छपाई बिघडवली हल्ली. मी म्हटलं, बिघडवलीच आहे. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग वधूवर सूची छापून आली. तीन मुलींच्या जन्मतारखा चुकलेल्या, एका मुलाचा फोटो दुसऱ्याच्या माहितीपुढे. सूचीवाले घरी आले, चहा घेतला, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "नाना, पुढच्या वर्षी तुम्हाला त्रास नको." त्या दिवशी सकाळी फोनवर नानांनी तक्रार सांगितली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. काम कुठे आहे आता वाचायला?"

नानांचं वाचणं जाणार, आणि ते माझ्या लिनक्सपायी! मी शाळेत रजा टाकली. ठरवलं, आता एक तर हा फॉन्ट, नाही तर मी. रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने धुळ्याला गेले.

दारातच आई. "माय वं! तुना नाना बठ्ठा दिन त्या डबडामा डोकं घालीसन बठतस, आते तू बी उनी," म्हणजे ते दिवसभर त्या डबड्यात डोकं घालून बसतात, आता तूही आलीस. मी चप्पल काढायच्या आधी टेबलाशी. केबल काढ, घाल. आई भाकरी घेऊन आली, मी बघितलं नाही. कसलासा स्क्रू हवा होता म्हणून ड्रॉवर उघडला, तर आत नवीकोरी स्टीलची पट्टी.

"ही कधी आणली?"

"लाकूड पावसाळ्यात वाकतं," नाना म्हणाले. "म्हणून ही आणली. तर हीपण वाकडीच निघाली. दुकानदार परत घेईना."

आई हसली. "नाचता येईना अंगण वाकडं!"

मी हसले नाही. पट्टी टेबलावर ठेवली. खाली पोस्टकार्डसुद्धा शिरलं नसतं इतकी सपाट. ती उचलून नानांच्या समोर धरली.

"नाना, डावा डोळा झाका. कशी दिसते?"

"मध्ये बुडते."

"आता उजवा झाका."

त्यांनी उजव्यावर तळवा ठेवला. काढला, परत ठेवला. "आता सरळ आहे," म्हणाले, अगदी हळू.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन महिने मी बंब घेऊन भलत्याच गावात पाणी मारत होते. हातातली पट्टी मी टेबलावर आपटली आणि आईवरच ओरडले, की तुला घरात राहून कळलं नाही का. तिचा काय दोष? पण कुणावर तरी ओरडायचंच होतं मला. आईने भाकरीवर ताट पालथं घातलं आणि आत गेली.

रविवार, दवाखाने बंद. तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. नाना खुर्चीत शांत, एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून दाराच्या चौकटीकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "या चौकटीपायी सुताराला उगाच नावं ठेवली मी."

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही पहिले. त्यांनी चौकड्यांचा कागद समोर धरला, उजव्या डोळ्याला काय दिसतं ते विचारलं. मग थेंब टाकले, यंत्रातून बघितलं, तपासणीचं चित्र काढलं. म्हणाल्या, मागच्या बाजूला, जिथून आपण नेमकं वाचतो तिथे पाणी आणि रक्त झिरपलंय. डोळ्यात इंजेक्शनं देऊ, पुढे वाढू नये म्हणून. डावा चांगला आहे. उजव्यातलं जे गेलं ते येईल असं सांगत नाही.

"कधीपासून होतंय?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," नाना म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "तीन महिने." मोबाईल काढून यादी त्यांच्यापुढे ठेवली. सगळं होतं त्यात, तारखेवार. मधला शब्द बुडतो. रेष नागमोडी. जिथे बघतो तोच शब्द जातो. मधे राखाडी डाग. बाई अंगठ्याने वर सरकवत वाचत गेल्या. "इतकं नीट लिहून कुणी आणत नाही," म्हणाल्या. मग त्यांनी यादी पुन्हा खाली सरकवली. "प्रत्येक तारखेपुढे 'हिंटिंग बदललं' असं लिहिलंय. हे कुठले थेंब? कुणी दिले?"

नानाच म्हणाले, "घरगुती होते. तिने फार मनापासून केलं."

बाईंनी मोबाईल परत दिला. सुरुवातीला आला असतात तर बरंच राखता आलं असतं, असं त्या बोलल्या, ते मला सांगून नाही, कागदावर लिहिता लिहिता बोलल्या.

पहिलं इंजेक्शन दुपारी झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेले नाना माझा दंड धरून जिना उतरत होते. मधल्या वळणावर मला राहवेना. "नाना, खरं सांगा. तुम्हाला अजिबात कळलं नव्हतं?"

ते कठडा चाचपत थांबले.

"आधी नाही कळलं. स्टीलची पट्टी आणली तेव्हा कळलं."

"कधी आणली?"

"महिना झाला."

"महिना! मग बोलला का नाहीत?" माझा आवाज जिन्यात घुमला. खालून कुणीतरी वर बघितलं.

"डोळा म्हटलं असतं तर तू एक दिवस आली असतीस, डॉक्टरला दाखवून परत गेली असतीस. फॉन्ट म्हटलं की रोज सकाळी फोन यायचा तुझा."

त्याआधी माझा फोन आईला जायचा, पंधरा दिवसांतून एकदा. ठेवता ठेवता मी विचारायची, नाना बरे आहेत ना? आई तिच्या बोलीत म्हणायची, बरे शेत, म्हणजे बरे आहेत. ते शेजारीच बसलेले असायचे.